व्हिटबीत एकच्या आत

इंजिन खोकलं, म्हणून गॉर्डन थ्वेट त्याच्याहून मोठ्याने खोकला. पहिला खोकला शेजारी बसलेल्या बायकोच्या कानावर पडू नये, एवढ्याचसाठी दुसरा. थर्स्क सोडून जेमतेम वीस मिनिटं झाली होती आणि हा त्याचा चौथा खोकला होता.

ब्रेंडाने पर्स उघडून खोकल्याची गोळी काढली.

"ही घे," ती म्हणाली. "आणि एक तुझ्या बाईसाहेबांनाही दे."

बाईसाहेब म्हणजे गाडी. ऑस्प्रिंग कंपनीची, एकसष्ट सालची, दोनच माणसांची, उघड्या टपाची आणि बाटलीसारखी हिरवीगार. कंपनी बुडून पन्नास वर्षं झाली होती, पण गॉर्डनच्या गॅरेजमध्ये ती अजून जोरात चालू होती. गाडी मात्र जोरात चालू होती असं म्हणवत नाही. त्या वर्षात तिला तीन वेळा ओढून घरी आणावं लागलं होतं. एकदा तर ब्रेंडा काळ्या कपड्यांत, मांडीवर फुलांचं चक्र घेऊन, ओढगाडीच्या ट्रकात बसून मावशीच्या दफनाला पोचली. त्या ट्रकवाल्याला आता ब्रेंडा चहात साखर किती घेते हे ठाऊक होतं आणि नाताळात त्याचं कार्ड यायचं, तेही नुसतं तिच्या नावाने.

म्हणून गेल्या रविवारी, थोरली बहीण थेल्मा आणि तिचा नवरा डेरेक यांचं जेवणाचं बोलावणं आलं, तेव्हा ब्रेंडाने निकाल दिला होता. आवाज न चढवता दिला, म्हणजे तो कायमचा.

"शनिवारी थेल्माकडे व्हिटबीला जेवायला जायचंय. एक वाजता ताटं वाढतात तिच्याकडे. तुझ्या बाईसाहेबांनी मला स्वतःच्या चाकांवर, एकच्या आत, तिच्या दारात नेऊन सोडलं तर त्या राहतील. नाहीतर सोमवारी हॅरोगेटचा तो दातांचा डॉक्टर येईल आणि गाडी विकत घेऊन जाईल. मी त्याला नंबर दिलाय आपला."

सत्तेचाळीस मैल आणि हातात चार तास. धडधाकट गाडीला हे काही फार नाही. गॉर्डनने तरीही पाच रात्री खपून बाईसाहेबांचं अंग अन् अंग घासलं होतं. चाकांच्या तारा, दिव्यांच्या कडा, दारांच्या मुठी, जिथे म्हणून चकाकणारं पत्र्याचं बोटभर काही होतं तिथे पांढरं पॉलिश फासून त्याने ते आरशासारखं केलं होतं. एवढं केल्यावर गाडी रस्त्यात दगा देणार नाही, असा काहीसा त्याचा हिशेब होता. इंजिनाला अर्थात तो हिशेब कुणी कळवला नव्हता.

सटनचा चढ समोर उभा राहिला. उभाच राहिला म्हणायचं, कारण त्या चढावर वर बघायला मान मागे टाकावी लागते. बाईसाहेब पहिल्या गिअरमध्ये रडत, कण्हत चढल्या, माथ्यावर पोचल्या, आणि तिथे सपाट, सरळ, सोप्या रस्त्यावर दोन आचके देऊन गप्प झाल्या.

"पोचलो?" ब्रेंडाने विचारलं.

"जरा देखावा बघू म्हटलं," गॉर्डन म्हणाला. "इथून फार लांबचं दिसतं."

"मला जवळचंही दिसतं, गॉर्डन."

त्याने खाली उतरून बॉनेट उघडलं, आणि इथेच त्याचं चुकलं. त्या मुलखात म्हाताऱ्या गाडीचं बॉनेट उघडणं म्हणजे गूळ उघडा ठेवणं. आजूबाजूला मैलभर माणूस नसो, मिनिटाभरात एकजण शेजारी उभा असतो, हात पाठीशी बांधून आणि मान किंचित तिरकी करून. इथे तो सायकलवरून आला. सत्तरीचा, अंगाला चिकटणारे पिवळे कपडे घातलेला.

"त्रास देतेय का?" त्याने विचारलं.

"नाही, नाही. अगदी थोडीशी," गॉर्डन म्हणाला. मदत नको असं तोंडावर सांगणं थ्वेटांच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं.

"मी नौदलात होतो. इंजिनं बघायचो. पाणबुडीची." त्याने आत नाक घातलं. "पेट्रोल आहे ना?"

"बघते," ब्रेंडा म्हणाली. पेट्रोलचा काटा गेली नऊ वर्षं अर्ध्यावर होता, टाकी भरा नाहीतर रिकामी करा. म्हणून दर थांब्याला मागचं झाकण फिरवून टाकीत लाकडी पट्टी बुडवायची आणि कुठवर ओली झाली ते सांगायचं, हे ब्रेंडाचं काम होतं. ती मागे गेली, झाकण काढलं, पट्टी बुडवली. "भरपूर आहे."

"मग कॉइल," नौदलवाला म्हणाला. "चढावर तापलं. तापलं की ठिणगी मरते. अगदी सरळ गोष्ट आहे."

त्याने गळ्यातला रुमाल बाटलीतल्या पाण्याने भिजवून कॉइलभोवती गुंडाळला आणि पाणबुडीच्या दोन हकिगती सांगितल्या, त्यांतली दुसरी बरीच खोल गेली. पाऊण तासाने गॉर्डनने बटण दाबलं. बाईसाहेब पहिल्या झटक्यात सुरू झाल्या.

"बघितलंत?" नौदलवाला म्हणाला. "रुमाल राहू द्या."

गॉर्डनचा जीव भांड्यात पडला. हेल्मस्ली येईपर्यंत तो चक्क शीळ घालत होता. तेवढ्यात ब्रेंडाचा फोन वाजला.

"हो थेल्मा, निघालोय गं. हो, एकच्या आत... काय? कुणाचे कागद?... अगं पण आम्ही कुठे म्हणालो होतो... बरं. बरं, बघू." तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि काही वेळ नुसती पर्सच्या कडीशी चाळा करत बसली.

"काय म्हणते?"

"त्यांच्या शेजारचा बंगला रिकामा झालाय. डेरेकने आपल्यासाठी सांगून ठेवलाय. कागद आणून ठेवलेत टेबलावर."

"छान, छान," गॉर्डन म्हणाला. त्याने ऐकलंच नव्हतं. त्याचा कान इंजिनात होता, आणि इंजिन पुन्हा खोकलं होतं. त्याने खोकून घेतलं. ब्रेंडाने न बघता गोळी पुढे केली.

दुसऱ्यांदा बाईसाहेब एका शेताच्या फाटकासमोर बसल्या. या वेळी बॉनेट उघडायचं नाही असं गॉर्डनने ठरवलं, पण ट्रॅक्टरवरच्या म्हाताऱ्याने लांबूनच पाहिलं होतं. तो नव्वदीचा असावा. तो उतरेपर्यंतच पाच मिनिटं गेली.

"काय झालं रं पोरा?" त्याने अडुसष्ट वर्षांच्या गॉर्डनला विचारलं.

"कॉइल तापतंय बहुतेक. रुमाल बांधलाय."

म्हाताऱ्याने रुमालाकडे बघितलं, मग गॉर्डनकडे. "तिला काय ताप आलाय का? काढ ते फडकं. हितं कचरा अडकलाय, कार्बोरेटरात. माझ्या भावाची अशीच होती. पेट्रोल हाय का बाई?"

"आहे," मागून ब्रेंडा म्हणाली. तिने झाकण काढून पट्टी बुडवली होती. या वेळी मात्र ती झाकण हातात धरून थोडी थांबली, आणि कान देऊन काहीतरी ऐकल्यासारखं तिने केलं.

म्हाताऱ्याने पाना घेतला आणि दोन्ही कार्बोरेटरांना दारावर टकटक करावी तसे तीन-तीन टोले दिले. गॉर्डनने डोळे मिटले. प्रत्येक टोला त्याच्या छातीत वाजत होता.

"मार आता."

बाईसाहेब सुरू झाल्या. म्हाताऱ्याने रुमाल घेऊन नाक पुसलं आणि तो खिशात घातला. ब्रेंडाला मात्र त्याने शेतातली रूबार्बच्या आंबट देठांची जुडी आणून दिली. ती मांडीवर घेऊन बसल्यावर तिच्या तोंडावर सकाळपासून प्रथमच थोडं ऊन पडल्यासारखं दिसलं.

आता गॉर्डनची स्थिती मोठी चमत्कारिक झाली. कॉइल म्हणावं तर टोल्यांनी गाडी का सुरू झाली? कचरा म्हणावा तर रुमालाने का झाली होती? दोन डॉक्टरांनी दोन रोग सांगितले होते, दोघांच्याही औषधाने रोगी उठून बसला होता, आणि पहिल्या औषधावर तर दहा मैलांत पुन्हा आडवाही झाला होता. गॉर्डन आयुष्यभर शाळेत गणित शिकवत आला होता. ज्या गणिताला दोन बरोबर उत्तरं येतात आणि तरी ते चुकतं, असं गणित त्याला झोपेत घाम फोडायचं. आज ते त्याच्या पायाखाली, बॉनेटच्या आत, जागेपणी चाललं होतं.

घड्याळात अकरा झाले होते. पिकरिंग तेवढं सुखरूप ओलांडावं, असं तो मनात म्हणत होता. पिकरिंगमध्ये कुठेही बंद पडली तरी चालेल, फक्त एका ठिकाणी नको.

ती बरोबर त्याच ठिकाणी बंद पडली. पिकरिंगच्या स्टेशनवरून अजून वाफेच्या इंजिनाच्या गाड्या सुटतात, आणि त्या बघायला उत्तर इंग्लंडमधले झाडून सगळे म्हातारे शनिवारी तिथे जमतात. प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण, हातात वही आणि उभ्या आयुष्यात कुठल्या ना कुठल्या इंजिनाशी झालेला संसार. बाईसाहेबांनी स्टेशनाच्या दारात शेवटचा आचका दिला, तेव्हा आतमध्ये अकरा पंधराची गाडी सुटत होती. सुटली ती एकटीच. तिला निरोप द्यायला कुणी उरलं नव्हतं.

हे लोक काही झुंबड करणारे नव्हेत. त्यांनी रांग लावली. बॉनेटपासून सुरू झालेली रांग तिकिटाच्या खिडकीला वळसा घालून चहाच्या दुकानापर्यंत गेली, आणि काही बायका चहाचीच रांग समजून तीत उभ्या राहिल्या. एकेकजण पुढे यायचा, आत बघायचा, निदान सांगायचा, "माझं आपलं एक मत," म्हणायचा आणि पुन्हा मागे जाऊन शेवटी उभा राहायचा.

थोड्याच वेळात रांगेचे दोन पंथ झाले, वीजवाले आणि पेट्रोलवाले. वीजवाल्यांचा पुढारी निवृत्त बसचालक होता. पेट्रोलवाल्यांचं नेतृत्व गावच्या पाद्र्याकडे गेलं.

"ठिणगीच नाहीये हो," बसचालक म्हणाला. "कंडेन्सर गेलाय. लहान मूलही सांगेल."

"ठिणगीला जाळायला काही मिळालं तर ना," पाद्री शांतपणे म्हणाला. "पंप बघा. मी चाळीस वर्षं माणसांचं ऐकत आलोय, हा पंप मला सुखी वाटत नाही."

"तुम्ही पंपाला धीर द्या, मी कंडेन्सर बदलतो."

"तुम्ही बदला. लग्न लावायच्या आधी मीही दोघांना विचारतो, घाई नाही ना म्हणून."

गॉर्डन दोघांच्या मध्ये उभा होता आणि दोघांनाही, "तुमचं बरोबर आहे," म्हणत होता. त्याला ओरडावंसं वाटत होतं की बाबांनो, एक वाजता माझी गाडी मला राहणार की जाणार हे ठरायचंय, सरा बाजूला. तोंडातून मात्र निघालं, "फारच कृपा आहे तुमची." त्याच्या डोळ्यांदेखत कंडेन्सर निघाला, दुसऱ्या कुणाच्या खिशातून नवा आला, पंपाची टोपी उघडली गेली, घासली गेली, परत बसली. एक बारीक स्क्रू गटारात पडला आणि तो शोधायला सहाजण गुडघ्यांवर बसले. घड्याळ मात्र त्या दिवशी एकदाही बंद पडलं नाही.

ब्रेंडाने पेट्रोल बघितलं होतंच. आता ती चहाच्या दुकानातल्या दोघी बायकांबरोबर बाकावर बसून स्कोन नावाचा गोडसर पाव खात होती. फोन आला तेव्हा तिने कप खाली ठेवला.

"हो थेल्मा. पिकरिंगला... काय केलंय म्हणालीस? लिव्हर? नाही, आवडत नाही असं नाही... आणि जेवल्यावर? सगळाच? अगं बोटीवर दोन आठवडे होतात ना तुम्ही, मग व्हिडिओ केवढा असेल... दोन वाजता कोण येणार?... सही करायला?" तिने उरलेला स्कोन बशीत परत ठेवला. "बरं, बरं गं," ती म्हणाली.

थेल्मा तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. ब्रेंडाने तिला आयुष्यात एकदाच नाही म्हटलं होतं, साली एकोणीसशे एकोणसाठ, आणि तेव्हाही ती हो समजली होती.

बारा वाजून पाच मिनिटांनी बाईसाहेब धडाडून सुरू झाल्या. स्टेशनात टाळ्या पडल्या. बसचालक आणि पाद्री दोघांनीही मान झुकवून त्या स्वीकारल्या.

पिकरिंग मागे पडलं, झाडं संपली आणि उजाड माळ सुरू झाला. गॉर्डन दोन्ही हातांनी चाक गच्च धरून, पुढे वाकून, एकेक मैलाचा दगड मोजत होता. श्वाससुद्धा तो बेताने घेत होता, जणू त्याचा भार इंजिनावर पडेल. दहावा मैल संपला. समोर फार लांबवर समुद्राची करडी रेघ दिसली, आणि बाईसाहेब खोकल्या.

गॉर्डन खोकला नाही. आता त्याला तेवढंही जमेना.

गाडी गवताच्या कडेला थांबली. बारा वाजून बावीस मिनिटं. माळावर माणूस नाही, काणूस नाही. दोन मेंढ्या होत्या, त्याही पाठ फिरवून उभ्या. दिवसभर ज्यांना टाळायला तो धडपडला, त्यांच्यातला एकजण तरी या क्षणी कुठून तरी यावा म्हणून गॉर्डनने चहूकडे पाहिलं. कुणी आलं नाही. तो बॉनेटपाशी गेला, ते उघडायला हात लावला आणि तिथेच खाली गवतावर बसला.

"संपलं," तो म्हणाला. "फोन कर त्या दातवाल्याला. चांगला माणूस आहे ना तो? गॅरेज कोरडं आहे ना त्याचं?"

ब्रेंडा उतरली. मागे गेली. "इकडे ये जरा," ती म्हणाली.

"पेट्रोल आहे गं. सकाळपासून तेवढं एकच नक्की आहे."

"ये म्हणते ना. आणि ऐक."

तिने टाकीचं झाकण अर्धं फिरवलं. आतून एक लांबलचक सुस्कारा आला. दमलेल्या माणसाने दिवसभराचे बूट काढावेत तसा.

गॉर्डनने वाकून टाकीला कान लावला.

"तीस वर्षं जॅमच्या बरण्या भरतेय मी," ब्रेंडा म्हणाली. "झाकण घट्ट बसलं की आत हवा जात नाही आणि बरणी झाकणाला सोडत नाही. चमच्याचं टोक घालून जरा उचललं की असाच आवाज येतो. हे भोक बघ." तिने झाकण उलटं करून दाखवलं. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक होतं आणि त्यात पांढरं पॉलिश वाळून दगडासारखं बसलं होतं. "टाकीत हवाच जाईना. दहा मैल गेलं की आतलं पेट्रोल बाहेर यायला तयार नाही. मग आपण थांबायचं, मी पट्टी बुडवायला झाकण काढायचं, बाईसाहेब श्वास घ्यायच्या, आणि पुढे कुणीतरी रुमाल बांधायचा."

गॉर्डनला आधी हसू आलं, मग लाज वाटली, मग भयंकर घाई झाली. "तुला कधी कळलं?"

"शेतापाशी शंका आली. पिकरिंगला खात्री झाली."

"पिकरिंगला? अगं, एक तास त्यांनी माझी आतडी काढून मांडली होती तिथे. बोलली का नाहीस?"

"सांगणार होते. तेवढ्यात थेल्माचा फोन आला."

त्याचा अर्थ विचारायला गॉर्डनला सवड नव्हती. खिशातून टाचणी काढून तो भोकाशी झटापट करायला लागला. "साडेबारा. दहा मैल उरलेत. झाकण सैल ठेवलं तरी चालेल. एकला पाच कमी असताना दारात असू आपण. वाचली, ब्रेंडा, वाचली ती."

ब्रेंडाने टाचणी त्याच्या हातातून अलगद काढून घेतली.

"गॉर्डन, दोन वाजता तिथे कोण येणार आहे, ऐकलंस का तू?"

"कोण?"

"बंगल्याचा माणूस. आपली सही घ्यायला. डेरेकच्या शेजारी, कायमचं. मधे कुंपणसुद्धा नाहीये, म्हणतो कशाला हवं आपल्याआपल्यात. आणि त्याआधी लिव्हर, आणि नंतर बोटीचा चार तासांचा व्हिडिओ. मी गेले तर नाही म्हणू शकणार नाही. तू म्हणशील?"

गॉर्डनने स्वतःला थेल्मासमोर उभं करून बघितलं. "फारच कृपा आहे तुमची," असंच तोंडातून येईल, हे त्याला आताच ऐकू आलं. सकाळपासून पहिल्यांदा तो गाडी सोडून दुसऱ्या कशाला तरी घाबरला.

"पण मग," तो चाचरत म्हणाला, "एकच्या आत पोचलो नाही तर ती..."

"व्हिटबी दहा मैल ना? आणि हिचा एक श्वास किती पुरतो, झाकण घट्ट असलं तर?"

"नऊ. फार तर दहा. समुद्रावरचा तो चढ आहे ना, तिथपर्यंत."

"तिथे बाक आहे," ब्रेंडा म्हणाली. तिने झाकण जागेवर ठेवलं, तळव्याने दाबलं आणि बरणीचं फिरवावं तसं, दातांवर दात ठेवून, शेवटपर्यंत घट्ट फिरवलं.

बाईसाहेब त्या चढावर, बाकापासून वीस पावलांवर, अगदी ठरल्यासारख्या बंद पडल्या. एकला दहा कमी होते. खाली समुद्र होता. ब्रेंडाने फोन लावला.

"थेल्मा, काय सांगू तुला, बंद पडली गं. नाही, खोटं कशाला सांगू, इथेच उभी आहे पुढ्यात. हो ना, इतक्या जवळ येऊन... काय? डेरेक येतोय घ्यायला?" तिचा चेहरा पांढरा पडला. तिने फोन दूर धरला. "गॉर्डन, डेरेक निघतोय. किल्ली शोधतोय."

गॉर्डन थ्वेटने जन्मात कधी धडधडीत खोटं सांगितलं नव्हतं. त्याने फोन घेतला.

"डेरेक? ये, ये, बरं होईल आलास तर. एक माणूस हवाच होता. काय आहे, नौदलातल्या एकाचं म्हणणं पडलं कॉइल, एक शेतकरी म्हणाला कचरा, पिकरिंगला कंडेन्सरवर मतं पडली, आणि एका पाद्र्याला पंपाचा संशय आहे. चौघांच्याही औषधाने सुरू झाली, यात काही खोटं नाही. आता तू असं कर, अंगावर जुने कपडे घाल आणि गाडीखाली निजायला चटई आण. चार-पाच तास हातात टॉर्च धरावा लागेल, वारा फार आहे इथे. आधी तुला कॉइलचं समजावतो, म्हणजे आल्यावर वेळ जायला नको..."

तो कंडेन्सरपर्यंत पोचला तेव्हा पलीकडून डेरेकचा आवाज आला. पाठीत उसण भरली होती. अगदी आत्ताच, किल्ली उचलताना.

दोघं बाकावर बसले. समोरच्या दुकानातून मासा आणि बटाटे आणले, कागदातूनच खाल्ले. गॉर्डनने दोनदा गाडीकडे आणि एकदा बायकोकडे बघितलं. एक वाजून गेला होता.

"दातांच्या डॉक्टरला काय सांगायचं?" शेवटी त्याने विचारलं.

ब्रेंडाने बोटांचं मीठ पुसलं. "नाताळात पुन्हा बोलावलंय थेल्माने," ती म्हणाली. "ईस्टरच्या आसपास डेरेकचा वाढदिवस असतो. डॉक्टरला सांग, इतकी भरवशाची गाडी आम्ही विकत नाही."